अश्रद्धेचा गुन्हा कोणाचा? नगरच्या इतिहासाची साक्ष

#धागा #इतिहास #नगर

१/ इस्लाम न मानणारा प्रत्येक माणूस त्या धर्माच्या दृष्टीने अपराधीच होय, हे विधान समाजमाध्यमांवर दोन प्रकारचे लोक सारख्याच आत्मविश्वासाने करतात. एक, स्वतःला धर्माचे पहारेकरी समजणारे प्रचारक. दुसरे, मुसलमान शेजाऱ्याविषयी भय पसरवणे हेच ज्यांचे नित्यकर्म झाले आहे ते. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे हे दोघे या एका विधानावर मात्र एकमताने माना डोलावतात. माझे भांडण त्या दोघांशीही आहे. साक्षीला मी नगरचा पाचशे वर्षांचा इतिहास बोलावणार आहे.

२/ आरंभीच एक खुलासा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. जुन्या काळाविषयी लिहिताना मी त्या काळचे अहमदनगर किंवा बोलीतले 'नगर' वापरतो. माझे प्रतिपादन एवढेच आहे: नैतिक दोष माणसाच्या जाणिवेला आणि त्याने स्वतः केलेल्या कृतीला लागतो, जन्माला, जमातीला, आडनावाला लागत नाही. हे मत आधुनिक म्हणून इस्लामवर बाहेरून लादलेले नाही. त्या परंपरेच्या आतच या प्रश्नावर हजार वर्षे कडाक्याचा वाद झाला आहे. तो वाद माहीत नसणारेच आज सर्वांत मोठ्याने बोलतात.

३/ प्रथम शब्द पाहू. 'कुफ्र' या अरबी शब्दाच्या धातूचा मूळ अर्थ झाकणे, दडवणे. बी मातीखाली झाकणारा म्हणून शेतकऱ्यालाही याच धातूपासून बनलेला शब्द कुराणात एके ठिकाणी आला आहे. त्यावरून पुढे उपकार दडवणारा, म्हणजे कृतघ्न; आणि मग सत्य दडवणारा, असा अर्थ विस्तारला. आता विचार करावा: दडवण्यासाठी ती वस्तू आधी हाती असावी लागते. जे मिळालेच नाही ते कोणी झाकून ठेवील कसे? शब्दाच्या पोटातच जाणिवेची अट आहे. मराठीत मात्र 'काफर' आला तो जमातीचे लेबल बनून. अट वाटेतच गळाली.

४/ ग्रंथ काय म्हणतो? प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्ही ध्रुव तेथे आहेत. तिसऱ्या अध्यायात इस्लामखेरीज अन्य मार्ग स्वीकारला जाणार नाही, अशा आशयाचे वचन आहे. दुसऱ्या अध्यायात यहुदी, ख्रिस्ती आणि साबिईन यांच्यापैकी श्रद्धावंत व सदाचरणी लोकांना भय नाही, असा आशय आहे. सतराव्या अध्यायात तर न्यायाची दोन सूत्रे शेजारी शेजारी येतात: कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, आणि संदेश पोहोचवल्याविना शिक्षा नाही. यांपैकी सोयीचे एकच वचन उचलून नाचवणारा माणूस, तो कोणत्याही बाजूचा असो, भाष्यकार नव्हे, वकील होय.

५/ हा पेच अबू हामिद अल-गझाली यांनी ओळखला. इ.स. ११११ मध्ये निवर्तलेले हे धर्मशास्त्री कोणी सुधारक नव्हेत. सुन्नी परंपरेचे ते आधारस्तंभ. 'फैसल अल-तफरिका' या ग्रंथात त्यांनी प्रेषितांवर विश्वास न ठेवणाऱ्यांचे तीन वर्ग केले. पहिला, ज्यांच्या कानी नावच गेले नाही: ते क्षम्य. दुसरा, ज्यांना सर्व काही नीट, पुराव्यासह कळले आणि तरी ज्यांनी पाठ फिरवली: ते दोषी. तिसरा वर्ग अत्यंत महत्त्वाचा आहे. ज्यांनी नाव ऐकले, पण लहानपणापासून विकृत स्वरूपातच ऐकले, तेही पहिल्या वर्गासारखेच क्षम्य.

६/ इतकेच नव्हे. जो माणूस प्रामाणिकपणे शोध घेत आहे आणि निर्णयाला पोहोचण्याआधीच मरण पावला, त्यालाही गझाली माफी देतात. म्हणजे दोष नकाराला नाही. दोष आहे तो कळूनही केलेल्या नकाराला. हे सूत्र आजच्या नगरला लावून पाहावे. येथील किती हिंदू तरुणांना इस्लाम मोबाइलवरच्या विषारी संदेशांखेरीज अन्य वाटेने कळला आहे? गझालींच्या हिशेबाने ते सारे तिसऱ्या वर्गात जातात. आणि जो प्रचारक आपल्या उर्मटपणाने धर्माचे रूप विकृत करतो, त्याने समोरच्याला अपराधी ठरवण्याआधी स्वतःच्या वाट्याचा दोष मोजावा.

७/ या प्रश्नावर गझाली एकटे नाहीत, आणि सर्व जण त्यांच्यासारखेही नाहीत. हनफी लोकांत मान्यता पावलेल्या मातुरिदी पंथातील अनेकांच्या मते ईश्वर आहे हे ओळखायला बुद्धी पुरेशी आहे. म्हणून प्रेषित न पोहोचलेला माणूसही तेवढ्यापुरता उत्तरदायी. उलट अश्अरी पंथ म्हणतो, संदेशाआधी कसलेच दायित्व नाही. शिया विचारात ईश्वराचा न्याय, म्हणजे 'अद्ल', हे धर्माच्या मूलतत्त्वांपैकी एक. त्यामुळे तेथे अज्ञानाचेही दोन प्रकार झाले: 'कासिर', ज्याला जाणून घेणे शक्यच नव्हते तो, आणि 'मुकस्सिर', ज्याने शक्य असून हयगय केली तो. दोष केवळ दुसऱ्याचा.

८/ आता या परंपरेची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा धागा म्हणजे निव्वळ गुळगुळीत सारवासारव होईल. गझालींची ही माफी प्रामुख्याने परलोकातली आहे. इहलोकीच्या अभिजात फिक्हमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, धर्मत्यागाला देहदंड सांगितला होता आणि अन्यधर्मीय प्रजेला जिझिया होता. स्वतः गझालींनी तत्त्वज्ञांच्या तीन मतांवर कुफ्रचा शिक्का मारला: विश्वाचे अनादित्व, ईश्वराला तपशिलांचे ज्ञान नसणे आणि देहासह पुनरुत्थानाचा नकार. परलोकात उदार आणि इहलोकात कठोर, अशी ही दुभंगलेली नीती होती. ती झाकण्यात कोणाचेही हित नाही.

९/ म्हणून खरा प्रश्न 'अश्रद्धा हा दोष आहे काय' एवढाच नाही. खरा प्रश्न असा: तो दोष मोजणार कोण? अंतःकरणात काय पोहोचले, कोणत्या रूपात पोहोचले, नकार प्रामाणिक की मुद्दाम, हे तपासण्याचे साधन कोणत्या काझीकडे, सुलतानाकडे वा जमावाकडे आहे? साधन नसताना निवाडा केला की काय होते, हे सांगण्यासाठी बगदादला जाण्याची गरज नाही. नगरचा किल्ला पुरेसा आहे.

१०/ निजामशाहीच्या मुळापासून सुरुवात करू. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता उभारली, १४९४ मध्ये नगर वसवले. त्याचा बाप मलिक हसन, निजाम-उल-मुल्क बहरी. इतिहासकार फरिश्ता सांगतो की हा हसन जन्माने ब्राह्मण. नाव तिमाप्पा, बापाचे नाव बहिरू, पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. विजयनगरवरील मोहिमेत तो बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान करून गुलामांत दाखल झाला, राजपुत्राबरोबर शिकला आणि वजीरपदापर्यंत चढला.  फरिश्ता स्वतः नगरच्या दरबारात वाढलेला.

११/ कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. तिमाप्पाचे भाऊबंद पाथरीतच राहिले, हिंदूच राहिले. पुढे त्याचा पणतू शोभेल अशा थाटात नातवाचा मुलगा नव्हे, तर थेट नातवानेच, म्हणजे पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने, पूर्वजांचे गाव म्हणून पाथरीवर हक्क सांगितला. वऱ्हाडच्या इमादशहाला बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. तो मानेना तेव्हा युद्ध करून पाथरी घेतली. फरिश्त्याच्या सांगण्यानुसार ते गाव त्याने आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम दिले, आणि अकबराच्या काळापर्यंत ते त्यांच्याकडे राहिले.

१२/ येथे थांबून विचार करावा. एकाच कुळाच्या दोन शाखा. एक मुलगा लढाईच्या धामधुमीत पकडला गेला म्हणून त्याचे वंशज 'श्रद्धावंत'; दुसरे पकडले गेले नाहीत म्हणून त्यांचे वंशज 'काफर'. यात पहिल्यांचे पुण्य कोणते आणि दुसऱ्यांचे पाप कोणते? उलट बाजूने विचारायचे तर, मलिक हसनला 'धर्म बुडवणारा' म्हणणाऱ्यांनी सांगावे, साखळदंडातल्या मुलाने कोणता अपराध केला? श्रद्धा जर केवळ कोणाच्या हाती सापडलो यावर ठरत असेल, तर तिच्यासाठी बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही. बुऱ्हाणशहाला हे ग्रंथांतून कळले असो वा नसो; नातेवाइकांना इनाम देताना त्याने त्यांच्या अश्रद्धेचा हिशेब मागितला नाही.

१३/ याच बुऱ्हाणशहाच्या काळात राज्याचा पंथ बदलला. इराणहून आलेले विद्वान शाह ताहिर यांच्या प्रभावाने सुमारे १५३७ मध्ये त्याने शिया मत स्वीकारले आणि खुतब्यात बारा इमामांची नावे आली. मुलाच्या दुखण्यात केलेला नवस आणि पडलेले स्वप्न अशी कथा फरिश्ता त्याला जोडतो. राजाची श्रद्धा ही राजाची बाब. पण राज्याचा खुतबा बदलला की प्रजेतील प्रत्येकाचे स्थान बदलते. पीर मुहंमद उस्ताद या सुन्नी विद्वानाच्या नेतृत्वाखाली लोक किल्ल्यावर चालून आले. उठाव मोडला, उस्ताद कैदेत गेला. काल जो दरबारचा गुरू होता, तो आज गुन्हेगार झाला.

१४/ मग तिसरा पंथ आला. जौनपूरचे सय्यद मुहंमद (१४४३–१५०५) यांनी आपण वचन दिलेले महदी असल्याचे घोषित केले होते. त्यांचे अनुयायी महदवी. विरक्ती, ईश्वरस्मरण, मिळेल ते वाटून खाणे यांवर त्यांचा भर. दख्खनमध्ये त्यांना मोठा अनुयायी वर्ग मिळाला. परंतु त्यांच्या सिद्धांतात एक धारदार कलम होते: महदींना नाकारणे हाही कुफ्रच. म्हणजे आयुष्यभर नमाज पढणारा मुसलमानही या एका नकाराने अश्रद्धांच्या रांगेत जाऊन बसला. गझालींनी ज्या शिक्क्याभोवती अटींचे कुंपण घातले होते, तो शिक्का पुन्हा मोकळा सुटला.

१५/ १५८८–८९ हे नगरचे रक्तरंजित वर्ष. मुर्तझा निजामशहाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने मारले. काही महिन्यांत मीरान हुसेनही मारला गेला. दख्खनी सरदारांचा पुढारी जमालखान किल्ल्यात घुसला आणि परदेशी मुसलमानांची, म्हणजे आफाकींची, शहरात कत्तल झाली. मारणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान. जमालखान महदवी होता. त्याने बालवयाच्या इस्माईलला गादीवर बसवले आणि महदवी मत राज्याचे मत केले. फरिश्ता त्या दिवसांत नगरमध्येच होता. १५८९ मध्ये त्याने विजापूरची वाट धरली.

१६/ दोनच वर्षांनी पारडे फिरले. १५९१ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहणखेड येथे जमालखान लढाईत पडला. दुसरा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, शिया मत पुन्हा राज्याचे झाले, आणि आता महदवींचा छळ सुरू झाला. त्यांना ठार करण्याचे हुकूम निघाले. ज्यांच्या हाती काल शिक्का होता, त्यांच्याच कपाळी आज तो उमटला. शिक्का मारण्याचा अधिकार ज्याने सत्तेच्या हाती दिला, त्याला तो स्वतःच्या कपाळापासून फार काळ दूर ठेवता येत नाही.

१७/ आता कल्पना करावी त्या काळच्या नगरमधील एखाद्या साध्या मुसलमान विणकराची. १५३० च्या सुमारास जन्मला, १५९२ मध्ये मेला. आयुष्यभर एकाच मागावर बसला, एकाच मशिदीत गेला, एकच श्रद्धा बाळगली. तरीही १५३७, १५८९ आणि १५९१ अशी तीन वेळा त्याची गणना बदलली: कधी सन्मार्गी, कधी पथभ्रष्ट, कधी अश्रद्ध. त्याच्या मनात काहीच घडले नाही. घडले ते किल्ल्यात. जो दोष माणसाच्या मनात काहीही न घडता लागतो आणि पुसला जातो, तो नैतिक दोष कसा? तो तर केवळ सत्तेचा पत्ता आहे.

१८/ कोणी आक्षेप घेईल, हे सारे धर्माचे नव्हे, राजकारणाचे भांडण होते. दख्खनी विरुद्ध आफाकी, जहागिरी विरुद्ध जहागिरी. मान्य, शंभर टक्के मान्य. परंतु हा आक्षेप माझेच म्हणणे बळकट करतो. जहागिरीसाठी शेजाऱ्याचा गळा कापणे अवघड असते, मन कचरते. तो शेजारी आधी 'अपराधी' ठरला की हात हलका होतो. अश्रद्धेचा दोष ही कल्पना राजकारणाला आयते हत्यार पुरवते. म्हणूनच ते हत्यार कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न धर्मशास्त्राचा राहत नाही. तो तुमच्या-माझ्या गल्लीचा होतो.

१९/ याच मुलखाने दुसरा आवाजही दिला. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' या मराठी ग्रंथाचे कर्ते. जन्माने मुसलमान, वाणी वारकऱ्यांच्या वळणाची. मालोजी भोसले त्यांना गुरुस्थानी मानत, अशी परंपरा आहे. त्यांनी पंडितांच्या दंभावरही कोरडे ओढले आणि मुल्लांच्याही. त्यांची लढाई बाहेरच्या कोणा काफराशी नाही. ती माणसाच्या आतल्या विकारांशी आहे. संग्राम हा शब्द त्यांनी ग्रंथाच्या नावातच घेतला आणि रणांगण स्वतःच्या देहात हलवले. दोष कोठे शोधावा, याचे इतके स्वच्छ उत्तर नगरच्या मातीतले असताना आपण ते दिल्लीच्या चर्चासत्रांत शोधतो.

२०/ आता साडेतीनशे वर्षे पुढे येऊ. स्थळ तेच, नगरचा किल्ला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद मुंबईत पकडले गेले आणि या किल्ल्यात आणले गेले. बरोबर नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी सहकारी. एप्रिल १९४५ पर्यंत आझाद येथे होते. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. अंत्यदर्शनही झाले नाही. या कोठडीत लिहिलेली, पण तेव्हा न पाठवता आलेली पत्रे पुढे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली.

२१/ त्या पत्रांत आझाद आपल्या तरुणपणाची एक गोष्ट उघडपणे मांडतात. पीराच्या घरातला हा मुलगा. वारशाने मिळालेली श्रद्धा त्याला पुरेना. पंथापंथांची भांडणे पाहून ती डळमळली, मग धर्म आणि विज्ञान यांच्या झगड्यात आणखी खचली. संशयाच्या दीर्घ वाटेने चालून तो श्रद्धेकडे परतला, पण ती आता वारशाची नव्हती, स्वतः कमावलेली होती. विचार करा: त्या संशयाच्या वर्षांत कोणा पहारेकऱ्याने त्यांना अपराधी ठरवून संपवले असते, तर कुराणाचा एवढा मोठा भाष्यकार उरला असता काय? प्रामाणिक शंका हा गुन्हा ठरवणारे श्रद्धेचे रक्षण करत नाहीत; तिची वाट बंद करतात.

२२/ 'तर्जुमान अल-कुरआन' या भाष्यात आझादांनी त्याआधीच मूळ भेद सांगितला होता. 'दीन' एकच: एका ईश्वराची भक्ती आणि सदाचरण. 'शरीअत', म्हणजे आचारनियम, काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे वेगवेगळे. माणसांनी काय केले? आचारभेदाचे कुंपण घालून आपापली टोळी केली आणि मोक्ष त्या टोळीच्या नावे लिहून टाकला. या रोगाला त्यांनी 'गिरोहबंदी' म्हटले. अनेक उलेमांनी आक्षेप घेतला, की यामुळे प्रेषितांवरील श्रद्धेचे महत्त्वच उणावते. तो वाद खरा आहे, आणि आझादांचे मत हेच इस्लामचे एकमेव मत, असा दावा मी करणार नाही. पण ते मत इस्लामच्या बाहेरचे आहे, असा दावाही कोणी करू नये.

२३/ आणि त्या बराकीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. बारा बंदिवान. कुराणाचा भाष्यकार आझाद. संघटित धर्माविषयी साशंक असलेले नेहरू, ज्यांनी १९४४ मध्ये येथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. बौद्ध तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, समाजवादी नरेंद्र देव. श्रद्धाळू हिंदू, सुधारक हिंदू. परलोकाच्या हिशेबात यांच्यातील कोण कोठे बसणार, यावर त्यांचे एकमत होणे अशक्य होते. तरीही आझादांनी नेहरूंच्या अश्रद्धेला अपराध मानले नाही आणि नेहरूंनी आझादांच्या श्रद्धेला अडाणीपणा मानले नाही. ज्या किल्ल्याने १५८९ पाहिले, त्यानेच हेही पाहिले.

२४/ आता आरसा आपल्याकडे वळवू. पाथर्डी तालुक्यातील मढी, कानिफनाथांचे स्थान. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये हे स्थान हिंदूंना कान्होबा आणि मुसलमानांना शाह रमजान माही सवार या नावाने पूज्य असल्याची नोंद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच गावच्या ग्रामसभेत यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव झाला. एक कारण असे सांगितले गेले, की यात्रेच्या काळात गावकरी जे व्रत पाळतात, तळण बंद, लग्नकार्य बंद, ते हे व्यापारी पाळत नाहीत. तालुका प्रशासनाने ठरावाच्या वैधतेवर आक्षेप घेतला, हे योग्यच झाले.

२५/ त्या कारणाची रचना नीट पाहा. आमचे व्रत तुम्ही मानत नाही, म्हणून तुम्ही दोषी. आणि तुमच्यातील एकाने मानले नाही, म्हणून तुमची सारी जमात दोषी. हा शब्दशः 'काफर' या लेबलाचाच व्यवहार आहे. फक्त भाषा बदलली. व्रताचा मान राखायचा तर नियम करा की यात्रेत कोणीही तळण विकू नये. तो नियम हिंदू हलवायालाही लागू होईल. चोरीचा आरोप असेल तर चोर पकडा, त्याचे नाव घ्या, खटला भरा. कृतीला नाव असते, तारीख असते, पुरावा असतो. जमातीला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच ती सोयीची.

२६/ राहिला प्रश्न आचरणाचा. इस्लामी परंपरेत हाही जुना वाद आहे: सारे दैवाने ठरलेले, तर माणूस जबाबदार कसा? उमय्या राजवटीत सत्ताधाऱ्यांचे जुलूम 'ईश्वरेच्छा' म्हणून खपवले जात, तेव्हा हसन अल-बसरी (मृत्यू ७२८) यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पत्रात याला विरोध आहे: वाईट माणूस करतो, ते ईश्वराच्या माथी मारू नये. आज आपण दैवाऐवजी 'जमाव' म्हणतो. दगड 'भिरकावला गेला', दुकान 'पेटले', भावना 'दुखावल्या'. क्रियापदाला कर्ताच नाही. अश्रद्धेचा दोष देताना आपण संपूर्ण जमात उभी करतो, आणि दंगलीचा दोष देताना एकही माणूस सापडत नाही. हा न्याय उलटा आहे.

२७/ सारांश. अश्रद्धा हा दोष असलाच, तर तो जाणूनबुजून केलेल्या अप्रामाणिकपणाचा. आणि तो मोजण्याचे साधन कोणा माणसाकडे नाही. आचरणाचा दोष मात्र मोजता येतो, मोजलाच पाहिजे, आणि तो ज्याचा त्याच्याच नावे मांडला पाहिजे. जमालखानाच्या कत्तलीचा जाब आजच्या मुकुंदनगरच्या पोराला विचारता येत नाही. मढीच्या ठरावाचा जाब आजच्या प्रत्येक हिंदूला विचारता येत नाही. पण ज्याने हात वर केला, त्याला मात्र विचारता येतो. पहिल्या बुऱ्हाणशहाने पाथरीच्या कुलकर्ण्यांना विचारले नाही ते आपण शेजाऱ्याला विचारू नये; आणि दुसऱ्या बुऱ्हाणशहाने विचारले त्याचे काय झाले, ते विसरू नये.

धागा समाप्त. तपशिलात चूक आढळल्यास अवश्य दाखवावी, दुरुस्त करीन. मतभेद असल्यास युक्तिवाद करावा. लेबल लावू नये. त्यासाठीच तर हे सारे लिहिले.